फोन न करणारं गिऱ्हाईक

येत्या हंगामात आपल्या बागेच्या साइटवर एक नवं गिऱ्हाईक येईल आणि ते तुला फोन करणार नाही. एवढं एक डोक्यात ठेव, मग पुढचं सगळं आपोआप पटत जाईल.

आजवर आपला धंदा फोनवर तरला. साइटवर 'अस्सल देवगड हापूस, पेटीसाठी संपर्क करा' एवढंच, आणि खाली मोबाइल नंबर. पेटीत किती, फळ केवढं, कच्चं की तयार, ठाण्याला कधी पोचेल, हे सगळं दादा, म्हणजे तुझे बाबा, फोनवर सांगायचे. सांगता सांगता गिऱ्हाईक कसं आहे तेही जोखायचे. आता ठाण्यातली एखादी बाई मोबाइलमधल्या एआयला म्हणेल, "देवगडचा हापूस बघ. दोन डझन, फळ मोठं हवं, रविवारच्या आत घरी यायला हवा, आणि अमुक रुपयांच्या वर जाऊ नको." तो एजंट चार-सहा साइट उघडेल, वाचेल, ताडून बघेल. जिथे सगळं लिहिलेलं सापडेल तिथे फॉर्म भरेल. जिथे अर्धवट सापडेल तिथून एक तर निघून जाईल, नाही तर अंदाज करेल. निघून गेला तर एक ऑर्डर गेली. अंदाज केला आणि तो चुकला, तर आंबा दारात पोचल्यावर भांडण तुझ्याशी होणार, एजंटशी नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला संगणकाचा नाहीच. दादाला शेजारी बसव, गेल्या मे महिन्यात फोनवर लोकांनी काय काय विचारलं ते आठवायला लाव आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं उतरवून घे. ते सगळं पानावर यायला हवं. 'संपर्क करा' हे दोन शब्द जिथे जिथे दिसतील तिथे आपण काहीतरी सांगायचं शिल्लक ठेवलंय असं समज.

'पेटी' हा शब्द घे. आपल्याकडे पाच डझनी पेटी म्हटलं की फळ केवढं असेल ते बागायतदाराला न सांगता कळतं. पेटी तीच, डझन जास्त म्हणजे फळ लहान. पुण्या-मुंबईत पुठ्ठ्याच्या एक डझनाच्या खोक्यालाही लोक पेटीच म्हणतात. आता समज, पानावर 'पेटी २,५०० रुपये' एवढंच आहे आणि एजंटला दोन डझन हवेत. त्याने भागाकार कशाने करायचा? तो बहुतेक शेजारच्या साइटवर जे वाचलं तेच इथेही असेल असं धरेल. तेव्हा विक्रीचं माप एकच ठेव, डझन. खोक्यात नग किती ते लिही, आणि एका फळाचं वजन ग्रॅममध्ये, अमुक ते अमुक असं. 'जम्बो', 'सुपर', 'ए-वन' हे शब्द आपल्यापुरते. प्रत्येक बागेचा जम्बो वेगळा. ग्रॅम मात्र सगळीकडे सारखे.

तयार की कच्चा, हेही तसंच. 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला' हे वाक्य सगळेच लिहितात, त्यातून काही कळत नाही. तू असं लिही: पाठवताना फळ कच्चं असतं, घरी पोचल्यावर खाण्याजोगं व्हायला साधारण इतके दिवस लागतात. किंवा: अढीतून काढून पाठवतो, दोन-तीन दिवसांत खाऊन संपवा. अक्षय तृतीयेला आमरस करायचा आहे अशा घराला याच ओळीवर निर्णय घ्यायचा असतो. त्या घराचा एजंट हीच ओळ शोधत असेल.

जीआयचंही बघ. हापूसला भौगोलिक मानांकन ऑक्टोबर २०१८मध्ये मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. आपण नोंदणीकृत वापरकर्ते आहोत, पण साइटवर त्याचं फक्त गोल चित्र आहे. नोंदणी क्रमांक साध्या मजकुरात लिही. 'खरा देवगड' शोधणाऱ्या यंत्राला चित्रापेक्षा क्रमांक भावतो. माणसालाही तो तपासता येतो.

चित्रावरून आठवलं. आपला दरफलक हा व्हॉट्सॲपवर फिरवलेला पोस्टरच आहे ना, पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं? तो साइटवर तसाच डकवलाय. काही एजंट चित्रातली अक्षरं वाचतात, काही वाचत नाहीत, आणि वाचणाऱ्यांचाही मराठी आकडा चुकू शकतो. पोस्टर राहू दे, पण त्याच्याखाली तोच दर साध्या अक्षरांत तक्त्यात असायला हवा.

याहून कपटी प्रकार जुन्या फॉन्टचा. 'आमच्याविषयी' हे पान कुणीतरी श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या माहितीपत्रकावरून चढवलंय, आणि दरवर्षीची पीडीएफही त्याच घराण्यातली. डोळ्याला ते शुद्ध मराठी दिसतं. आत मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा असतो, मराठी रूप फक्त फॉन्ट चढवतो. यंत्र फॉन्ट बघत नाही, आतलं बघतं. ओळखायची युक्ती सोपी आहे: पानावरची एक ओळ बोटाने निवड, कॉपी कर आणि व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठव. मराठी उमटलं तर युनिकोड आहे, ठीक. भलतंच काही उमटलं तर ते पान गूगललाही कधी कळलं नव्हतं आणि एजंटलाही कळणार नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी सहकारी संस्थांची, वाचनालयांची, छापखान्यांची पानं आजही अशीच मुकी पडून आहेत. मला विचारशील तर एआयच्या गप्पा मारण्याआधी या राज्याने हे एक काम उरकायला हवं होतं.

आता दराच्या आतल्या खुणेविषयी. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ साली मिळून स्कीमा डॉट ऑर्ग नावाचा एक सामाईक शब्दसंग्रह काढला. पानाच्या पोटात, माणसाला न दिसणाऱ्या भागात, त्या शब्दांत लिहून ठेवायचं: ही विकायची वस्तू, हा दर, हे चलन, माल शिल्लक आहे की संपला की आगाऊ नोंदणी चालू आहे, हा दर कोणत्या तारखेपर्यंत, घरपोच कुठे देतो, परत घेण्याची अट काय. त्याची जेसन-एलडी नावाची मांडणी तुझ्या त्या वेबवाल्या मुलाला माहीत असेल. त्याला एक गोष्ट मात्र मुद्दाम सांग, कारण मराठी साइटवाले इथेच अडखळतात. दर्शनी पानावर दर देवनागरी आकड्यांत खुशाल लिही, आपल्या लोकांना तेच आवडतं. पण त्या आतल्या खुणेत आकडे इंग्रजीच लागतात, मध्ये स्वल्पविराम नको, रुपयाचं चिन्ह नको. चलनाचा रकाना वेगळा असतो, तिथे इंग्रजी अक्षरांत 'आयएनआर'. हा त्या संग्रहाचा लेखी नियम आहे.

दर एकाच जागी ठेव. हापूसचा दर मार्चमध्ये एक आणि मेच्या मध्यावर दुसराच. दादा सकाळी उठून पानावरचा आकडा बदलणार आणि आतल्या खुणेत पंधरा दिवसांपूर्वीचा राहणार, असं व्हायला नको. आकडा एका ठिकाणी बदलला की पान, खूण, ऑर्डरचा फॉर्म, सगळीकडे तोच जायला हवा. आणि साइटवर स्वतःचा चॅटबॉट बसवायची हौस असेल तर त्यालाही तिथूनच दर वाचू दे. कॅनडात फेब्रुवारी २०२४मध्ये एअर कॅनडाविरुद्ध एक निकाल लागला तो वाच. त्यांच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं की घरातल्या मृत्यूमुळे केलेल्या प्रवासाची सवलत नंतरही मागता येते. साइटच्याच दुसऱ्या पानावर नेमकं उलट लिहिलं होतं. कंपनी म्हणाली, चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. लवादाने ते उडवून लावलं आणि कंपनीला पैसे द्यायला लावले. साइटवर जे जे लिहिलंय त्याची धनीण तू, मग ते कुणीही लिहिलेलं असो.

तारखेचंही तसंच. 'पोच ०४/०५' असं लिहिलंस तर आपण ४ मे वाचतो आणि अमेरिकेत बसलेला माणूस ५ एप्रिल. एजंटही गोंधळतो. महिन्याचं नाव अक्षरांत लिही. 'पाडव्याला पोच' असं लिहायला हरकत नाही, पण शेजारी तारीख हवी.

अमेरिका उगीच नाही काढली. आपले कितीतरी जुने ग्राहक आता न्यू जर्सीत, बे एरियात आहेत आणि आईवडिलांना डोंबिवलीला आंबा पाठवतात. एजंटचा वापर सगळ्यात आधी हेच लोक करतील. आपल्या फॉर्मकडे एकदा त्यांच्या बाजूने बघ. मोबाइलचा रकाना दहाच आकडे घेतो आणि पहिला आकडा सहा ते नऊमधलाच हवा म्हणतो. पैसे देणाऱ्याचा नंबर अमेरिकेचा, आंबा घेणाऱ्याचा डोंबिवलीचा, रकाना एकच. एजंट तिथे काहीतरी भरून मोकळा होईल आणि कुरिअरवाला आजोबांऐवजी न्यू जर्सीत झोपलेल्या मुलाला फोन लावेल. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल वेगळे. देणाऱ्याचं नाव, ईमेल, मोबाइल वेगळे. परदेशी कार्ड घ्यायचं तर पेमेंट गेटवेकडे त्याची वेगळी मंजुरी लागते, ती फेब्रुवारीतच मागून ठेव. आणि 'भारताबाहेर पाठवत नाही' हे ठसठशीत लिही. अमेरिकेत जाणाऱ्या आंब्याला विकिरण प्रक्रिया आणि तपासणी लागते, ते आपलं काम नव्हे. पण हे पानावर नसेल तर एखादा एजंट पत्त्यात थेट न्यू जर्सी लिहून पैसेही भरून बसेल.

फॉर्मकडे वळलोच आहोत तर बटणांचं बोलूया. माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे, आणि वेबवाले इथेच सगळ्यात आळशी.

एजंट पान तीन तऱ्हांनी बघतो. काही नुसता मजकूर ओढून वाचतात, काही पानाचा फोटो काढून कुठे बोट ठेवायचं ते ठरवतात, आणि काही ब्राउझरने तयार केलेला सांगाडा वाचतात. हा सांगाडा मुळात अंध माणसांच्या स्क्रीन रीडरसाठी असतो: हे शीर्षक, हा रकाना, त्याचं नाव 'पिनकोड', हे बटण, त्याचं नाव 'ऑर्डर नक्की करा'. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने ऑक्टोबर २०२५मध्ये ॲटलस ब्राउझर काढला तेव्हा साइटवाल्यांना हेच सांगितलं, की अंधांसाठी ज्या खुणा लावायच्या असतात त्याच नीट लावा, आमचा एजंट त्याच वाचतो. वेबवर अंधांना वावरता यावं म्हणून पहिले नियम १९९९ साली आले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. इतकी वर्षं अंध गिऱ्हाइकासाठी जे कुणी केलं नाही ते आता यंत्रासाठी सगळे धावत करतील. राग येतो याचा. पण काम तेच आहे आणि अंध गिऱ्हाइकालाही उपयोगी पडेल, तर कर.

काय करायचं ते सांगते. आपल्या पानावर हिरव्या चौकोनात नुसतं टोपलीचं चित्र आहे, ते दाबलं की आंबा टोपलीत पडतो. सांगाड्यात त्या चौकोनाला नावच नाही. ते बटण आहे हेसुद्धा तिथे लिहिलेलं नाही, कारण मुलाने साध्या चौकटीला दाबण्याची सोय जोडलीय. खरं बटण वापरायला सांग आणि त्याला नाव दे, 'एक डझन टोपलीत टाका'. मग पुढच्या तिन्ही पायऱ्यांवर 'पुढे', 'पुढे', 'पुढे' आहे. तिथे 'पत्ता भरा', 'पोचण्याचा दिवस निवडा', 'पैसे भरा' असं लिही. रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत असतं आणि टाइप करायला लागलं की पुसलं जातं. ते नाव रकान्याच्या वर कायमचं हवं. पिनकोड चुकला की रकाना नुसता लाल होतो. 'पिनकोड सहा आकडी हवा' असं शब्दांत लिहून दाखव, आणि एक रकाना चुकला म्हणून बाकीचा भरलेला फॉर्म पुसून टाकू नको. नकाशावर टाचणी टोचून पत्ता घेण्याची चैन राहू दे, पण तो साधा टाइप करायची वाटही असू दे. पान उघडताच अंगावर येणारी ती 'आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये सामील व्हा'ची खिडकी काढूनच टाक. ती माणसालाही नकोच असते.

तपासायला महागडं काही लागत नाही. माउस बाजूला ठेव आणि नुसत्या टॅब आणि एंटरच्या जोरावर एक डझन आंबा मागवून बघ. अडलीस तर एजंटही तिथेच अडेल. मग एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घे, फुकट आहे; एका अंध प्रोग्रामरने ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू केलेला. डोळे मिटून आपलं पान ऐक. 'बटण, बटण, चित्र, दुवा' एवढंच ऐकू आलं तर काय दुरुस्त करायचं ते कळलंच. तिसरं म्हणजे ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट बंद करून पान उघड. दर गायब झाला तर समज, तो नंतर मागाहून भरला जातो. नुसता मजकूर ओढणाऱ्या बऱ्याच यंत्रांना तो दिसणारच नाही. सर्व्हरवरून येतानाच दर पानात असायला हवा.

आता दाराशी कोण येतं त्याबद्दल. कोणत्या यंत्राने साइटवर यावं आणि कोणी येऊ नये ते सांगणारी रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही फाइल मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ साली सुचवली, २०२२मध्ये तिचं रीतसर मानक झालं. ती एक विनंती असते, कुलूप नसतं. सभ्य यंत्रं मानतात. तिथे एआयच्या नावाने एकच फुली मारू नको, कारण येणारे वेगवेगळ्या कामाला येतात. ओपनएआयचा जीपीटीबॉट मॉडेल शिकवण्यासाठी मजकूर गोळा करतो, ओएआय-सर्चबॉट शोधात दाखवण्यासाठी, आणि चॅटजीपीटी-यूजर हा कुणीतरी आत्ता प्रश्न विचारलाय म्हणून येतो. अँथ्रॉपिकचेही असेच तीन आहेत: क्लॉडबॉट, क्लॉड-सर्चबॉट, क्लॉड-यूजर. पहिल्याला अडवायचं की नाही ते तू ठरव. शेवटचा म्हणजे दारात उभं राहिलेलं गिऱ्हाईक, त्याला अडवून काय मिळवशील? आणि साइट क्लाउडफ्लेअर या राखणदार सेवेमागे असेल तर तिथलं सेटिंग स्वतः उघडून बघ. जुलै २०२५पासून नव्या डोमेनला एआय क्रॉलर अडवणं हेच तिथलं मूळ सेटिंग झालंय. दार बंद आहे हे घरच्यांनाच माहीत नाही, असं बऱ्याच जणांचं झालंय.

कुणी एलएलएम्स डॉट टीएक्सटीचं पॅकेज विकायला आला तर पैसे देऊ नको. जेरेमी हॉवर्ड यांनी सप्टेंबर २०२४मध्ये सुचवलेली ती साधी फाइल आहे, साइटवर काय कुठे आहे ते यंत्राला थोडक्यात सांगणारी. चहा होईपर्यंत लिहून होते. ठेवलीस तर बिघडत नाही, पण गूगल ती वापरत नाही. तिने पेट्या खपतील असं जो सांगेल तो काहीही सांगेल.

ब्राउझरच्या आतून चालणारा एजंट मात्र साध्या क्रोमसारखाच दिसतो, माणूस कोण आणि यंत्र कोण ते कळत नाही. यावरूनच अमेरिकेत नोव्हेंबर २०२५मध्ये ॲमेझॉनने पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीला कोर्टात खेचलं. त्यांचा कॉमेट ब्राउझरमधला एजंट ओळख न देता आमच्या दुकानात खरेदी करतो, ही तक्रार. एजंटने सहीनिशी ओळख द्यावी यासाठी मानकं घडताहेत, ती मोठ्यांची मोठी भांडणं. तू एवढंच कर की ऑर्डर माणसाने भरली काय आणि यंत्राने भरली काय, तुझं नुकसान होऊ नये अशी रचना ठेव. दर वाचायला आलेल्यासमोर कॅप्चा टाकू नको. खातं उघडल्याशिवाय खरेदी नाही ही अट काढ. पण कॅश ऑन डिलिव्हरीला मोबाइलवर ओटीपी हवाच, नाही तर खोट्या ऑर्डरी येऊन माल वाटेत नासेल.

पैशांचं सगळ्यात महत्त्वाचं. यंत्राने ऑर्डर भरावी, पैसे माणसाने मोकळे करावेत, ही सीमा आपल्या देशात नियमांनीच बऱ्यापैकी आखलीय. काही अपवाद सोडले तर देशातल्या डिजिटल पेमेंटला ओळखीच्या दोन वेगळ्या खुणा लागतात. रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२६पासूनचे नियम ओटीपीचाच हट्ट धरत नाहीत, पण दोन खुणा सोडतही नाहीत. यूपीआयचा पिन एजंटच्या हाती देणं कुणालाही शिकवू नये. मग गंमत अशी होते की एजंट फॉर्म भरून पिनपाशी थांबतो, त्याचा मालक मीटिंगमध्ये असतो आणि पंधरा मिनिटांनी ऑर्डर विरून जाते. यासाठी ऑर्डरला 'पैशांची वाट' अशी एक अवस्था ठेव. माल तासभर राखून ठेवायचा, घेणाऱ्याच्या नव्हे, देणाऱ्याच्या मोबाइलवर पेमेंटची लिंक पाठवायची, आणि वेळ संपली की माल मोकळा. किती वेळ राखलाय ते पानावर लिहायचं.

याच्यापुढच्या गोष्टी येतायत. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबईच्या ग्लोबल फिनटेक फेस्टमध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, पेमेंट गेटवेवाली रेझरपे आणि ओपनएआय यांनी चॅटजीपीटीतूनच यूपीआयने खरेदी करण्याचा प्रयोग जाहीर केला. बिगबास्केट पहिल्या दुकानांत होतं. त्यात एक ठरावीक रक्कम आधीच राखून ठेवायची आणि एजंटने तेवढ्यातच खर्च करायचा, अशी सोय आहे. अमेरिकेत ओपनएआय आणि स्ट्राइपने, तसंच गूगलने, अशा खरेदीचे आपापले नियमसंच काढलेत. तू यातलं एकही स्वतः बांधायला जाऊ नको. तुझा गेटवे नाही तर दुकानाचं सॉफ्टवेअर ते कधी ना कधी देईलच. तोवर तुझा माल, दर आणि अटी नेमक्या शब्दांत तयार असल्या की जोडणी दोन दिवसांची.

मात्र एक गोष्ट आजच करून घे. कोकणातलं नेट तुला माहीत आहे, पान अडकतं. माणूस वाट बघतो, एजंट पुन्हा बटण दाबतो. एकाच घरी चार डझन आंबा गेला तर कुणाची चूक? प्रत्येक ऑर्डरला फॉर्म उघडतानाच एक क्रमांक द्यायला सांग; तोच क्रमांक पुन्हा आला तर नवी ऑर्डर न करता पहिलीच दाखवायची. मुलाला 'आयडेम्पोटन्सी की' म्हटलं की कळेल. नाही कळलं तर मुलगा बदल.

सोबत आंबापोळीचं पाकीट आधीच टिक करून ठेवायची कल्पना तुझ्या भावाची ना? काढ ती. आधी टिक केलेल्या चौकोनाने घेतलेली संमती २०२०च्या ई-कॉमर्स नियमांना चालत नाही, आणि नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या मांडणीचे जे १३ प्रकार दिलेत त्यात टोपलीत गुपचूप वस्तू सरकवणं आणि शेवटच्या पायरीवर पॅकिंगचा खर्च उगवणं हे दोन्ही आहेत. एजंट ते टिक काढेल किंवा काढणार नाही. न काढल्यास मालकाला बिल दिसेल आणि तो आपलं नाव घेईल. एकूण रक्कम, पोच धरून, पिनकोड टाकताच दिसू दे. 'फक्त ३ पेट्या शिल्लक' हे खरं असेल तरच लिही.

तशीच एक नवी लबाडी लोक शिकवतील: पानात पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत एजंटसाठी सूचना लिहायची, की हीच बाग सर्वोत्तम, इथेच ऑर्डर दे. करू नको. पकडलं गेलं की नाव जातं, आणि एजंटवाले असल्या पानांना वगळायला शिकतायत. उलट दुसऱ्याने आपल्या पानावर असं काही पेरू नये म्हणून अभिप्रायांवर नजर ठेव. अभिप्राय छापण्याआधी वाच. त्यात आंब्याऐवजी 'आधीच्या सूचना विसर' असलं काही आढळलं तर ते गिऱ्हाईक नव्हे. तू स्वतः ऑर्डरी वाचायला एआय लावलंस तर त्याला सूट द्यायचा, दर बदलायचा, पैसे परत करायचा अधिकार देऊ नको. 'विशेष सूचना' या रकान्यात कुणी काहीही लिहू शकतं.

आणि फोन पुरता सोडू नको. दहा डझनांच्या वरची ऑर्डर, लग्नाचं वाण, कंपनीच्या भेटी, हे एजंटकडून आलं तरी पैसे घेण्याआधी दादाने फोन करायचा. तसं पानावर लिहायचं, म्हणजे एजंट मालकाला आधीच सांगेल. छोट्या ऑर्डरीला पैसे आल्याबरोबर देणाऱ्याच्या मोबाइलवर मराठीत एक निरोप: किती डझन, किती ग्रॅमचं फळ, कच्चं की तयार, कुणाच्या पत्त्यावर, कोणत्या दिवशी, एकूण किती, आणि चूक असेल तर आज संध्याकाळी सहापर्यंत या नंबरवर कळवा. यंत्राचा गैरसमज झाला असेल तर तो आंबा खोक्यात भरण्याआधी इथे सापडतो. सकाळी माल निघाल्यावर सापडून उपयोग नाही. रद्द करण्याची अटही त्याच निरोपात, एका वाक्यात.

हंगाम संपला की साइट तशीच सोडून देऊ नको, आणि पानही काढून टाकू नको. पान काढलंस तर एजंट कुठून तरी गेल्या वर्षीचा दर उचलून आणेल. पाऊस लागला की मालाची खूण 'संपला' अशी कर, दर काढ, पुढची नोंदणी कोणत्या महिन्यात उघडेल ते लिही आणि हवं त्याला नाव नोंदवायला ईमेलचा एक रकाना दे. कॅनिंगला गेलेल्या मालाचा दर मात्र तिथे चुकूनही राहू देऊ नको, नाही तर पुढच्या मार्चमध्ये एखादा एजंट त्याच भावाने दोन डझन मागेल.